डाव्या घोट्याची चौकशी

कोल्बर्नच्या टीममधल्या केड व्होसलरचा डावा घोटा मुरगळला आहे, ही बातमी सोमवारी सकाळी शेजारच्या टिडवेल गावातल्या डोनटच्या दुकानात पोचली तेव्हा ती अगदी एवढीशी होती. पहिल्या कॉफीला घोट्याचं हाड सरकलं. दुसऱ्या कॉफीला पोरगा कुबड्यांवर आला. तिसरी कॉफी येईपर्यंत कुणीतरी उलटंच सांगितलं, की घोट्याला काहीही झालेलं नाही, कोल्बर्नवाल्यांनीच मुद्दाम आवई उठवली आहे, कारण कोल्बर्नची माणसं पहिल्यापासून तसलीच. या शेवटच्या मुद्द्यावर मात्र टेबलाचं एकमत झालं.

टेबल म्हणजे दुकानातलं खिडकीजवळचं. टेक्ससमध्ये शाळेची फुटबॉलची टीम चालवायला पगारी कोच असतो, पण ती खरी चालते ती असल्या टेबलावर. टिडवेलच्या टेबलावर तिघं बसत. गुरांच्या खाद्याचा दुकानदार रॉयस टिबेट्स, ज्याला हळू बोलता येत नसे. बीजगणिताचे निवृत्त मास्तर हर्शेल एम्स, ज्यांना थोडक्यात बोलता येत नसे. आणि विमा एजंट वेंडेल प्रुइट. वेंडेलने अर्ध्या जिल्ह्याची घरं, ट्रक आणि गारपिटीत सापडणारा कापूस विमा उतरवून सुरक्षित केला होता, त्यामुळे पुढे काय घडणार हे आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळतं अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. टिडवेलचा कोच या टेबलाचा सल्ला कधी घेत नसे. टेबलाच्या मते, टीमच्या सगळ्या पराभवांचं मूळ तिथेच होतं.

टिडवेल आणि कोल्बर्नची प्लेऑफची मॅच शुक्रवारी, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्याच दिवशी होती. हरेल त्याचा हंगाम संपला, इतका सरळ हिशेब. दोन्ही गावं एकमेकांच्या मैदानावर पाय ठेवायला तयार नव्हती, म्हणून तिसऱ्याच गावचं मैदान ठरलं, आणि कुठल्या बाजूला कुणी बसायचं यावर दोन्ही कोचांनी नाणं उडवलं. टिडवेल हरलं. आता टिडवेलकरांच्या तोंडावर सगळी संध्याकाळ उत्तरेचा वारा येणार होता. हर्शेल मास्तरांनी नाण्याचं वजन, उंची आणि हवेचा दाब धरून हे कसं टाळता आलं असतं ते समजावलं. ते ऐकायला कुणी थांबलं नाही.

"वाऱ्याचं सोड," रॉयस म्हणाला. "घोट्याचं बोल. त्यांचा प्रत्येक चेंडू तो केडच फेकतो. तो पळाला तर आपण गेलो. तो लंगडा असला तर कोल्बर्नकडे दुसरा आहेच कोण? वेंडेल, तुझी पोरगी कुठे दिलीय रे?"

"तुला ठाऊक आहे."

"तरी सांग."

"कोल्बर्नला."

"आणि जावई काय करतो?"

वेंडेलने कॉफी ढवळली. तिच्यात साखर नव्हती. "कोल्बर्नच्या पोरांना फुटबॉल शिकवतो," तो म्हणाला.

"आणि गुरुवारी टर्की खायला तू कुठे निघालायस?"

रॉयस आणि मास्तर खुर्च्या ओढून पुढे सरकले. डोनटवाल्या बाईनेसुद्धा हातातला चिमटा खाली ठेवला.

वेंडेलने मान हलवली. ते शक्य नाही, म्हणाला. शक्य का नाही हे मात्र त्याने सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती, कारण दोन वर्षांपूर्वी पोरीच्या, डार्लाच्या, लग्नात हे सगळं टेबल समोरच्याच रांगेत बसलेलं होतं. तिथे वेंडेल हातात ग्लास घेऊन उठला होता आणि दोनशे माणसांपुढे म्हणाला होता, "परमेश्वराने क्लिंट मॅकनीलीला सगळं दिलंय. उंची दिली, केस दिले, आता माझी मुलगीही दिली. फक्त फुटबॉलची अक्कल तेवढी द्यायची राहिली." टिडवेलची बाजू पोट धरून हसली. कोल्बर्नची बाजू केककडे बघत राहिली. क्लिंटने उठून सासऱ्याचे आभार मानले, आणि तेव्हापासून तो वेंडेलशी "हो सर", "नाही सर" आणि "मीठ देता का सर" एवढंच बोलत असे.

आता डार्लाला सातवा महिना लागला होता. तिने रविवारीच फोन केला होता.

"बाबा, गुरुवारी या. आईला रताळ्याचं करून आणायला सांगा. पण एक अट आहे. माझ्या घरात फुटबॉलचा एक शब्द काढायचा नाही. केडची आई हॉस्पिटलात ड्यूटीला आहे, म्हणून तो पोरगा आमच्याकडेच जेवणार आहे. त्याला काही विचारायचं नाही, क्लिंटला काही सुनवायचं नाही."

"मी कशाला काय सुनवतोय?"

"बाबा, मी गंमत करत नाहीये. लग्नात गप्प बसले. या वेळी नाही बसणार. तुम्ही तोंड उघडलंत तर फेब्रुवारीत बाळाचे फोटो पाठवीन तुम्हाला, पोस्टाने. बाळाला आजोबा हवेत की नकोत, हे मी गुरुवारी ठरवणार आहे."

वेंडेलने शब्द दिला. मनापासून दिला. त्या बाळासाठी त्याने गॅरेजमध्ये पाळणा करायला घेतला होता, आणि तो झुलत का नाही हे अजून त्याला कळलेलं नव्हतं. असा माणूस गुरुवारी तोंड उघडेल कशाला?

पण टेबलाने हा मुद्दाही निकालात काढला. "तोंड उघडायला सांगतंय कोण?" हर्शेल मास्तर म्हणाले. "शब्द काढायचा नाही असं ठरलंय. बघायचं नाही असं कुठे ठरलंय? तू फक्त बघ. पोरगा खुर्चीतून कसा उठतो, भार कुठल्या पायावर देतो. निरीक्षण म्हणजे संभाषण नव्हे." आणि रॉयस म्हणाला, "नुसत्या डोळ्यांनी बघायचंय लेका. डोळ्यांना काय अट?" वेंडेलला हा युक्तिवाद बिनतोड वाटला. पुढे जे काही झालं ते या बिनतोड युक्तिवादामुळे झालं.

गुरुवारी सकाळी तो गाडी काढायला गेला आणि थिजलाच. आदल्या संध्याकाळी शाळेच्या चीअरलीडर पोरींनी गावातली एकूण एक गाडी रंगवली होती. प्लेऑफच्या आठवड्यात पांढरं बुटाचं पॉलिश घेऊन पोरी निघतात आणि गाड्यांच्या काचांवर घोषणा लिहितात, ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे. नको म्हणणारा टिडवेलमध्ये अजून जन्मायचा होता. वेंडेलच्या पुढच्या काचेवर, बाजूच्या काचांवर बैल होते, कारण टिडवेलची टीम म्हणजे बैल. मागच्या काचेवर, हातभर अक्षरांत, "रानडुकरं भाजा" असं लिहिलेलं होतं, कारण कोल्बर्नची टीम म्हणजे रानडुकरं. पोरींपैकी एकीने भावनेच्या भरात खाली एक मोठ्ठा प्रेमाचा बदामही काढला होता.

"याच गाडीतून जायचंय आपण?" लोरेटाने विचारलं. ही त्याची बायको. तिच्या हातात रताळ्याचं भलंमोठं भांडं होतं, वर स्वच्छ पांढरं फडकं बांधलेलं.

"वाटेत पुसू."

"आत्ता का नाही?"

"आत्ता पुसलं तर रॉयस बघेल."

म्हणून ते तसेच निघाले, आणि कोल्बर्नच्या हद्दीपर्यंत कुठे थांबायचं यावर वाद घालत राहिले. तो वाद हायवेच्या पोलिसाने मिटवला. पोलीस तरुण होता, चालीने सावकाश. त्याने गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली. मागच्या काचेपाशी बराच वेळ उभा राहिला.

"सर, पुढच्या काचेवर बैल असताना गाडी चालवायला कायद्याने परवानगी नाही. रस्ता दिसावा लागतो."

"बैलाच्या पायांमधून दिसतो," वेंडेल म्हणाला.

"आणि मागे जे लिहिलंय ते वाचलंत का सर?"

"मी लिहिलेलं नाही ते."

"मी कोल्बर्नचाच आहे सर. रानडुक्करच होतो. चार वर्षं खेळलो." त्याने पावतीचं पुस्तक काढलं, जरा विचार केला आणि परत खिशात ठेवलं. "सणाचा दिवस आहे. पुसून टाका. मी थांबतो."

पुसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून रताळ्यावरचं फडकं सोडलं. पॉलिश पुसलं गेलं नाही, ते नुसतं पसरलं. बैल गेले आणि त्यांच्या जागी सगळ्या काचांवर पांढरट धुकं आलं. मागच्या काचेवर "भाजा" हा शब्द पोलिसाच्या नजरेखाली जोर लावून खरवडून काढला, तेवढ्यात पोलिसाला वायरलेसवर बोलावणं आलं आणि वेंडेलचा हात दुखायला लागला. मग पुढचे सहा मैल लोरेटा डावीकडच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून "सरळ, सरळ, अरे सरळ" असं स्वतःलाच सांगत होती. हो, डावीकडच्या, म्हणजे स्टिअरिंगच्या बाजूच्या. पुसता पुसता वेंडेलच्या चष्म्यावरही तेच पांढरं धुकं चढलं होतं, त्यामुळे गाडीही तीच चालवत होती, आणि रताळी वेंडेलच्या मांडीवर होती, उघडी.

डार्लाने दारातच आईला मिठी मारली आणि बापाच्या पँटवरचं रताळं बघून ओला नॅपकिन पुढे केला. क्लिंट म्हणाला, "या सर." घरात आणखी दोन पाहुणे होते. एक केड व्होसलर, सतरा वर्षांचा, ताडमाड, वागायला इतका गरीब की त्याच्यावर राग धरायला वेंडेलला मेहनत घ्यावी लागली. दुसरे कोल्बर्नच्या चर्चचे पाद्री, ब्रदर ओडेल, गोल, गुलाबी, गोड बोलणारे. ते एकटेच असतात म्हणून आले होते, असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

पण घोळ असा झाला की केड आधीच खुर्चीत बसलेला होता. उठताना तो दिसेल ही टेबलाची सगळी योजना तिथेच बसली. पाद्रीबाबांनी प्रार्थना सुरू केली. त्यांनी अन्नाचे आभार मानले, पावसाचे मानले, मग सगळ्या तरुण सांध्यांना आणि स्नायूंना बळ लाभो अशी विनंती केली, आणि ती जरा जास्तच वेळ चालली. वेंडेलने एक डोळा उघडून टेबलाच्या कडेने केडच्या पायांकडे पाहण्याचा प्रयत्न केला. समोर पाहतो तर पाद्रीबाबांचाही एक डोळा उघडा होता, आणि तो वेंडेलवर होता. दोघांनी घाईघाईने डोळे मिटले.

जेवण सुरू झालं. टर्की फिरली, मक्याचा ब्रेड फिरला, रताळी फिरली आणि त्यांना बुटाच्या पॉलिशचा वास येतोय हे सगळ्यांनी सभ्यपणे गिळून टाकलं. केडने तिसऱ्यांदा वाढून घेतलं पण जागचा हलला नाही. काही लागलं की डार्लाच उठून द्यायची. वेंडेलचा जीव वरखाली होऊ लागला. निरीक्षण करायचं तर वस्तू समोर तरी हवी. शेवटी त्याने आपला काटा हळूच कोपराने ढकलला. तो खाली पडला.

"राहू दे, मी दुसरा देते," डार्ला म्हणाली.

"छे, छे, तू कशाला वाकतेस अशा दिवसांत," म्हणत वेंडेल टेबलाखाली गेला.

खाली पायांचं जंगल होतं. लोरेटाचे पाय त्याने ओळखले, कारण त्यातला एक त्याला दूर ढकलत होता. बाकीच्यांत कुणाचे कुठले, अंदाज येईना. आणि मग त्याला दिसलं. काळ्या पँटच्या खाली, बूट काढून ठेवलेला एक पाय, आणि घोट्यापासून वर गुंडाळलेलं जाड पांढरं बँडेज. डाव्या पायालाच.  सगळ्या टिडवेलला जे कळत नव्हतं ते त्याच्यापासून हातभर अंतरावर होतं. पण बँडेज काय, मुद्दामही बांधता येतं. दुखणं खरं की खोटं, हे बघायला हवं. त्याने दोन बोटांनी, अगदी हलकेच, दाबलं.

"अयाई गं," वरून ब्रदर ओडेल ओरडले.

टेबलावरची सगळी काचेची भांडी खणखणली. टेबलक्लॉथची कड वर झाली आणि तिथे डार्लाचा चेहरा आला, उलटा आणि लाल.

"बाबा."

"काटा पडला होता."

"काटा मी दिला तुम्हाला नवीन. वर आहे, ताटात. पाद्रीबाबांच्या पायाला गाउटचा संधिवात आहे, बाबा. तुम्ही त्यांचा पाय का दाबताय?"

या प्रश्नाला टेबलाखाली बसून देता येईल असं सन्मानाचं उत्तर कुठल्याही भाषेत नाही. वेंडेल वर आला, खुर्चीत बसला आणि रताळी खाऊ लागला. लोरेटा छताकडे बघत होती. क्लिंटने नुसतं विचारलं, "मीठ देऊ का सर?"

जेवण झाल्यावर केडला आईसाठी डबा घेऊन हॉस्पिटलात जायचं होतं. अखेर तो उठला. खुर्चीच्या पाठीला हात धरून उठला, पण सगळ्यांना हसत "थँक्यू मॅम" म्हणत ताठ चालत गेला, आणि वेंडेलला काहीच कळलं नाही. मग वेंडेल खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. पोरगा पोर्चच्या पायऱ्यांशी पोचला. कुणी बघत नाही असं त्याला वाटलं. त्याने डबा एका हातात घेतला, दुसऱ्याने कठडा घट्ट धरला आणि एकेक पायरी उतरू लागला, डावा पाय टेकवायच्या आधी दर वेळी थांबून. त्याने ओठ दाताखाली दाबून धरला होता. ट्रकपाशी पोचल्यावर त्याने वर पाहिलं. खिडकीत वेंडेल दिसला. पोरगा चटकन सरळ झाला, हात हलवला आणि दोन्ही पायांवर भार देऊन उभा राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

वेंडेलनेही हात हलवला. हवं ते त्याला मिळालं होतं, आणि मिळाल्याचा आनंद काही झाला नाही. हा पोरगा उद्या तसाच खेळणार होता. आपण टेबलाला सांगितलं तर टेबल कोचला सांगणार, आणि मग टिडवेलच्या बैलांना एकच सूचना जाणार: डावीकडून धडक द्या. वेंडेलने खिडकीचा पडदा ओढून घेतला. 

या मनःस्थितीत त्याला पाद्रीबाबांनी गाठलं. हातात पिकनच्या गोड पायची बशी, चेहऱ्यावर क्षमा. झालं गेलं विसरू या, म्हणाले, आणि सहज बोलावं तसं पुढे म्हणाले, "उद्या तुमच्या पोरांना वाईट वाटू देऊ नका हं. ऐकलंय की टिडवेलकडे एकच डाव आहे. तगड्या पोराच्या हातात चेंडू द्यायचा आणि बाकी देवावर सोडायचं. देवाला किती कामं असतात हो."

वेंडेलने दात आवळले. शब्द दिला होता.

"आमच्याकडे बायका म्हणतात," पाद्रीबाबा गोड हसले, "तुमचा कोच डोनट आणायला गेला तरी उजवीकडेच वळतो. डावीकडचं दुकान त्याला ठाऊकच नाही."

आता यावर कुठला टिडवेलकर गप्प बसेल? क्लिंट उठला आणि ताटं गोळा करून स्वयंपाकघरात गेला. नळ सोडल्याचा आवाज आला, आणि मग जावईबापू भसाड्या आवाजात भजन म्हणू लागले. वेंडेलला ते खटकलंही नाही. त्याने मिठाची बाटली पुढे ओढली.

"हा आमचा तगडा पोरगा. ही मिरपूड, आमचा क्वार्टरबॅक, डाव सुरू करणारा. सगळे म्हणणार मीठ पळतंय. तुमची सगळी पोरं मिठामागे. बरोबर? आणि मिरपूड काय करते? पडल्यासारखी करते, आणि हळूच इकडे, ग्रेव्हीच्या मागून, एकटी निघते. मीठ थांबतं. मागे वळतं. फेकतं." त्याने फेकून दाखवलं. मीठ पाद्रीबाबांच्या मांडीवर उडालं. "मंगळवारपासून रोज सराव चाललाय. मी ट्रकमध्ये बसून बघितलाय. म्हणे एक डाव."

"वा," पाद्रीबाबा म्हणाले, आणि बशी अर्धवट ठेवून टोपी शोधू लागले.

तेव्हा वेंडेलच्या ध्यानात आलं. दारात डार्ला उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

निरोप घेताना ती गाडीपर्यंत आली. आईला तिने जवळ घेतलं. बापाशी बोलताना तिचा आवाज चढला नाही, आणि ते वेंडेलला जास्त लागलं.

"क्लिंट का उठला कळलं का तुम्हाला? त्याला ऐकायचं नव्हतं. मशीन आहे आमच्याकडे भांडी घासायला, बाबा. तो हाताने घासत बसला, गात बसला, तुमच्या तोंडून निघालेलं त्याच्या कानावर पडू नये म्हणून. पाद्रीबाबांना इथल्या कॉफीच्या टेबलाने पाठवलं होतं, तुमच्याकडून काढून घ्यायला. क्लिंटने आत्ता त्यांना दारात अडवून सांगितलं, माझ्या टेबलावरचं बाहेर गेलं तर पुन्हा या घरात पाय ठेवायचा नाही. त्याला फुटबॉलची अक्कल नाही ना. म्हणून."  तिचे डोळे भरले होते. "फोटो पाठवीन मी."

परतीच्या वाटेवरही लोरेटाच गाडी चालवत होती. वेंडेलला वाटत होतं तिने चांगलं झापावं, म्हणजे निदान उलट उत्तर देता येईल. पण तिने तेवढंही सुख दिलं नाही.

शुक्रवारी सकाळी तो डोनटच्या दुकानात गेला तेव्हा टेबल आधीच दुकानाबाहेर येऊन उभं होतं. ते त्याच्याकडे बघत नव्हतं. त्याच्या गाडीकडे बघत होतं. मागच्या काचेवर "भाजा" गेलं होतं. "रानडुकरं" राहिलं होतं, आणि खाली तो मोठ्ठा बदाम.

"हे काय?" रॉयसने विचारलं.

"पोलिसाने पुसायला लावलं."

"एवढंच पुसायला लावलं?"

हर्शेल मास्तरांनी हात वर करून पुरावा बाजूला ठेवायला सांगितलं. मुद्द्यावर या, म्हणाले. घोटा.

वेंडेल कॉफी घेऊन बसला. आयुष्यभर या खुर्चीवर त्याला जे हवं होतं ते आत्ता त्याच्याकडे होतं: सगळं टेबल त्याच्या तोंडाकडे बघत होतं. डोनटवाली बाई चिमटा धरून थांबली होती.

"टर्की जरा कोरडी झाली होती," तो म्हणाला.

"घोटा, वेंडेल."

"घोट्याचं मी बोलणार नाही."

"म्हणजे दिसला नाही?"

"दिसला की नाही, तेही नाही सांगणार. जावयाचं घर आहे ते. जेवलोय मी तिथे." मग त्याला वाटलं, अर्धं प्रामाणिक राहण्यात अर्थ नाही. "आणि दुसरं म्हणजे, आपला तो मागे वळून फेकायचा डाव मी त्यांच्या पाद्र्याला सांगून बसलो. मीठमिरी घेऊन. कोचला मी सकाळीच जाऊन सांगितलंय."

"कोच काय म्हणाला?"

"सराव बघायला पुन्हा दिसलास तर ट्रकसकट बाहेर काढीन म्हणाला."

रॉयसने कप टेबलावर आदळला.   "म्हणजे त्यांचं काही आणलं नाहीस, आपलं होतं ते देऊन आलास, आणि वर गाडीवर बदाम काढून आलास. तू आहेस कुणाच्या बाजूचा?"  वेंडेल उठला, डोनट तसाच ठेवला आणि घरी आला. दुपारी जिल्ह्याच्या रेडिओवर मॅचच्या गप्पांचा कार्यक्रम लागला, तेव्हा पहिलाच फोन रॉयसचा होता. त्याने नाव घेऊन सगळं सांगितलं, घोट्याबद्दल तोंड न उघडण्यापासून बदामापर्यंत. वेंडेलने रेडिओ बंद केला आणि गॅरेजमध्ये जाऊन पाळण्याला उगीच एक खिळा ठोकला.

संध्याकाळी मैदानावर वारा ठरल्याप्रमाणे टिडवेलच्या तोंडावर होता. रॉयस आणि हर्शेल यांच्या मधली वेंडेलची जागा होती तिथे एक घोंगडी पसरलेली होती आणि तिच्यावर थर्मास बसवलेला होता. वेंडेल पुढे उभा राहिला. घोंगडी कुणी उचलली नाही. रॉयस त्याच्या डोक्यावरून मैदान बघत होता.

"मी माझ्या पोरीकडे चालले," लोरेटा म्हणाली. "तू थर्मासशी गप्पा मार हवं तर."

आणि ती निघाली. गोलपोस्टच्या मागून, सगळ्या मैदानाला वळसा घालून, बँडच्या पोरांमधून वाट काढत. वेंडेल तिच्या मागे. अंगात टिडवेलच्या गडद मरून रंगाचं जॅकेट, पाठीवर बैल. उभ्या टिडवेलने त्याला जाताना पाहिलं. कुणीतरी मागून शिट्टी मारली. एवढी लांब वाट तो आयुष्यात चालला नव्हता. डार्लाने हाकलून दिलं तर परत येताना हीच वाट होती, हे त्याला पावलोपावली कळत होतं.

कोल्बर्नच्या फाटकावर त्यांच्या टीमच्या पिवळ्या रंगाची टोपी घातलेली एक आडदांड बाई तिकिटं बघत होती. लोरेटाला तिने सोडलं. वेंडेलच्या छातीवर हात ठेवला.

"मरून जॅकेट पलीकडे, सर."

"मला माझ्या..." वेंडेलने सुरुवात केली, आणि वरच्या स्टँडकडे बोट केलं.

"सोडा त्यांना, ग्लेंडाबाई," वरून आवाज आला. डार्ला कठड्याला धरून उभी होती, पिवळ्या कोटाची बटणं पोटावर लागत नव्हती. "माझे वडील आहेत ते."

तो वर गेला. तिने आपल्या शेजारचं ब्लँकेट बाजूला केलं. तो बसला. आजूबाजूची पिवळी माणसं जरा सरकली, जागा द्यायला की अंतर ठेवायला, सांगता येत नव्हतं. खाली मैदानाच्या कडेला क्लिंट उभा होता. त्याने वर पाहिलं, सासऱ्याला पाहिलं आणि टोपीला बोट लावलं. वेंडेलनेही हात उचलला. केड व्होसलर धावत मैदानात आला, दोन्ही घोट्यांना सारखंच बँडेज बांधून, म्हणजे दुखरा कुठला ते कुणाला कळू नये. वेंडेलने नजर दुसरीकडे वळवली.

"रेडिओ ऐकला मी," डार्ला म्हणाली. ती समोरच बघत होती.

"बंद करायचा ना."

"घोट्याचं सांगितलं नाहीत म्हणून रॉयसकाका इतक्या शिव्या घालत होते. एकही चुकवली नाही मी. क्लिंटलाही बोलावून ऐकवल्या."

वेंडेलला काहीतरी चांगलं, मोठ्या माणसाला शोभेल असं बोलायचं होतं.  तेवढ्यात पंचाने शिट्टी दिली, चेंडू हवेत उडाला, वाऱ्यावर हेलकावला आणि टिडवेलच्या त्या तगड्या पोराच्या हातात पडला. पोरगा निघाला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला आडवं केलं, कडेची मोकळी वाट धरली, आणि वेंडेल प्रुइट, आपण कुठे बसलोय हे साफ विसरून, ताडकन उठून घसा फाटेपर्यंत ओरडला, "पळ लेका, पळ, पळ, पळ!"

कोल्बर्नचा उभा स्टँड मागे वळून त्याच्याकडे बघू लागला. पाठीवर बैल घेऊन, हात वर केलेल्या अवस्थेत वेंडेल जागच्या जागी गोठला. डार्लाने त्याच्या जॅकेटचं टोक मुठीत धरलं आणि खाली खेचलं.

"खाली बसा, आजोबा," ती म्हणाली.